बाळाला वरचं अन्न कधी सुरू करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ चौथ्या महिन्यात गेलं की घरात वरच्या अन्नावरून पहिला वाद होतो आणि मग प्रश्न येऊ लागतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात तेच इथे घेतले आहेत. एकच गोष्ट दोनदा लिहायचं टाळलंय. विषय दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर आधी प्रश्न १९ वाचा.

१. नेमकं कधी सुरू करायचं? कुणी चार महिने सांगतं, कुणी सहा.

साधारण सहा महिने पूर्ण झाल्यावर. पहिले १८० दिवस फक्त आईचं दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचं अन्न, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

चार आणि सहाचा घोळ मात्र उगाच झालेला नाही. २००१ पर्यंत या संघटनेचाच सल्ला 'चार ते सहा महिने' असा होता. त्या वर्षी तो बदलला. त्याआधी ज्यांनी मुलं वाढवली त्यांना चार महिने सांगितले गेले होते आणि त्यांनी ते पाळले, त्यामुळे आजीवर वैतागू नका. युरोपातल्या बालरोग आणि पचनविकार तज्ज्ञांची संघटना आजही थोडी मोकळीक ठेवते: १७ आठवड्यांच्या आधी नको आणि २६ आठवड्यांच्या पुढे लांबवू नका.

दोन्ही सल्ले शेजारी ठेवले तर दोन गोष्टींवर कुणाचंच दुमत दिसत नाही. चार महिन्यांच्या आत काहीही द्यायचं नाही आणि सहा महिन्यांनंतर रेंगाळायचं नाही. मधल्या काळात कॅलेंडरपेक्षा बाळाकडे बघावं.

२. बाळ तयार आहे हे कसं ओळखायचं?

तीन खुणा एकत्र दिसायला हव्यात. एखादीच दिसली तर थांबा.

पहिली, मान पूर्ण सावरलेली असणं आणि थोड्या आधाराने बसता येणं. बाळ एका बाजूला कलंडत असेल तर गिळताना घास भलतीकडे जाण्याचा धोका असतो. दुसरी, डोळे, हात आणि तोंड यांचा मेळ बसणं: वस्तू दिसते, हात तिच्याकडे जातो आणि ती नेमकी तोंडात येते. तिसरी खूण घरात सहज तपासता येते. चमच्याच्या टोकावर थोडंसं मऊ अन्न घेऊन ओठांना लावा. लहान बाळ जिभेने ते बाहेर ढकलतं. ही उपजत प्रतिक्रिया आहे, दूध सोडून दुसरं काही घशात जाऊ नये म्हणून. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ती ओसरते. तीन-चार दिवस सगळंच अन्न हनुवटीवर येत असेल तर बाळाला चव आवडली नाही असं समजू नका. जीभ अजून तयार नाही. आठवडाभर थांबून पुन्हा बघा.

वजन जन्माच्या दुप्पट झालं की सुरू करायचं, हा जुना नियम एकटा वापरू नये. काही बाळं चौथ्या महिन्यातच दुप्पट होतात, पण त्यांना बसता येत नसतं.

३. बाळ रात्री सारखं उठतं, मुठी चोखतं आणि आमच्या घासाकडे टक लावून बघतं. दुधाने पोट भरत नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि या तिन्ही खुणा फसव्या आहेत.

चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची ठेवणच बदलते, म्हणून बाळ मधेच जागं होतं. मुठी तोंडात जातात कारण जग चाखून बघण्याचं त्या वयातलं साधन तेच आहे. आणि टक लावून तर ते पंख्याकडेही बघतं. दूध पुरतंय का हे बघायचं असेल तर वजनाचा आलेख आणि दिवसभरातली शू बघा. दोन्ही ठीक असतील तर दूध पुरतंय. दूध वाढवून मागत असेल तर दूधच वाढवा.

'रात्री पोटभर भरवलं की सलग झोपतं' याची तपासणी झालेली आहे. ब्रिटनमधल्या एका चाचणीत काही बाळांना तीन महिन्यांपासून वरचं अन्न दिलं गेलं. ती बाकीच्यांपेक्षा खरंच जास्त झोपली, पण हा फरक सर्वांत जास्त होता तेव्हाही रात्रीमागे १७ मिनिटांच्या आतच होता. तेवढ्यासाठी घाई करायची का, ते तुम्ही ठरवा. माझं मत 'नको' असं आहे.

बाटलीतल्या दुधात पीठ कालवून देणं मात्र सरळ टाळा. घास अडकू शकतो आणि बाळाला पोट भरल्याची खूण दाखवायची संधीच मिळत नाही.

४. थोडं लवकर दिलं तर काय बिघडतं? ओळखीत एक बाळ तिसऱ्या महिन्यापासून खातंय आणि मजेत आहे.

असेल. बहुतेक बाळं चिवट असतात. धोका सगळ्यांना होत नाही, पण आधी कळतही नाही. चार महिन्यांच्या आत मान आणि गिळणं तयार नसतं, मूत्रपिंडं जास्तीचं मीठ आणि प्रथिनं बाहेर टाकण्यात कच्ची असतात, आणि अन्न किंवा भांड्यातून आलेला जंतुसंसर्ग त्या वयात जड जातो. शिवाय पोटात अन्न गेलं तेवढं दूध कमी जातं. म्हणजे जास्त पोषण देण्याच्या नादात कमी दिलं जातं, कारण पातळ पेजेपेक्षा दूध किती तरी सकस आहे.

५. बाळ पावडरच्या दुधावर (बाळांसाठीच्या फॉर्म्युलावर) आहे. मग आधी सुरू करावं का?

नाही. वेळ तीच आणि खुणाही त्याच (प्रश्न २). उलट अशा बाळांमध्ये चार महिन्यांच्या आत सुरू केलेल्या अन्नाचा पुढच्या लठ्ठपणाशी संबंध आढळला आहे, तेव्हा घाईला आणखी कमी कारण आहे.

६. आणि उशीर झाला तर? बाळ सात महिन्यांचं आहे, पण दूध छान पितं.

उशिराची भीती लोकांना कमी वाटते. मला जास्त वाटते. लवकर दिलं की निदान कुणी तरी टोकतं. उशिरावर कुणी बोलत नाही, कारण बाळ गुटगुटीत दिसत असतं.

अडचण लोहाची आहे. पूर्ण दिवसांचं बाळ आईच्या पोटातून लोहाची शिदोरी घेऊन येतं आणि ती साधारण सहा महिने पुरते. (जन्मानंतर नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापली तर शिदोरी थोडी मोठी मिळते.) आईच्या दुधातलं लोह अंगी चांगलं लागतं, पण लिटरभर दुधात ते अर्धा मिलिग्रॅमही नसतं. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं. मोठ्या पुरुषाला लागतं ८. पुन्हा वाचा: सात-आठ किलोच्या बाळाला बापापेक्षा जास्त! मेंदूची वाढ जोरात चालू असताना लोह कमी पडणं परवडणारं नाही.

उष्मांकांचंही तसंच. सहा ते आठ महिन्यांत स्तनपानाव्यतिरिक्त रोज सुमारे २०० किलोकॅलरी अन्नातून यायला हव्यात, ९ ते ११ महिन्यांत सुमारे ३०० आणि दुसऱ्या वर्षी सुमारे ५५०.

तेव्हा सात महिने झाले असतील तर आजच सुरू करा. मागचं भरून काढायला ताट भरू नका. सुरुवात चमचाभरच, पण त्यात लोह असलेला पदार्थ पहिल्या आठवड्यापासून असू द्या.

७. पहिला घास कशाचा? आधी भाज्या की आधी फळं?

क्रमाला फार महत्त्व नाही. फळ आधी दिलं तर बाळ भाजी खात नाही, हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. गोडाची आवड ते जन्मतःच घेऊन येतं आणि आईचं दूधही गोडच असतं.

महत्त्व आहे ते पदार्थात काय आहे याला. सगळेजण सफरचंद, गाजर, केळं इथे सुरुवात करतात आणि महिनाभर तिथेच फिरत राहतात. चव म्हणून छान, पण लोह जवळजवळ शून्य. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच मऊ शिजवून वाटलेली डाळ किंवा कडधान्य, पूर्ण शिजलेलं अंडं, बारीक केलेलं मांस किंवा मासा, किंवा लोह मिसळलेलं बाळाचं धान्य आत यायला हवं. काळीज (म्हणजे यकृत, लिव्हर) लोहाने भरलेलं असतं, पण त्यात अ जीवनसत्त्वही प्रचंड असतं, म्हणून आठवड्यातून एकदाच आणि थोडं.

पुढे विविधता मोजायची एक सोपी पद्धत आहे. आठ गट धरा: आईचं दूध; धान्य आणि कंद; डाळी, कडधान्यं, दाणे; दूध आणि दही; मांस-मासे; अंडी; गडद पिवळ्या-केशरी आणि हिरव्या भाज्या-फळं; बाकीच्या भाज्या-फळं. दिवसाला आठपैकी किमान पाच, हा जागतिक मापदंड आहे. पहिल्याच महिन्यात जमणार नाही, जमायची गरजही नाही.

धान्य एकच धरून बसू नका. तांदळात इतर धान्यांपेक्षा आर्सेनिक जास्त असू शकतं, म्हणून रोज तोच नको, आलटून पालटून द्या.

८. आम्ही मांस-मासे खात नाही. लोह पुरेल का?

पुरू शकतं, पण आपोआप नाही. वनस्पतींमधलं लोह अंगी कमी लागतं. दोन युक्त्या कामाला येतात. डाळीच्या घासाबरोबर क जीवनसत्त्वाचं काही द्या: लिंबाचे थेंब, टोमॅटो, पेरू, संत्रं. आणि कडधान्य भिजवून, मोड आणून शिजवा, म्हणजे लोहाला अडवणारं फायटेट कमी होतं. बाळाला चहाची चव देण्याची हौस असते काहींना. चहा लोह अडवतो, तेव्हा घोटभरही नको.

दूध-अंडीही घरात नसतील तर ब१२ जीवनसत्त्वासाठी बाळाच्या डॉक्टरांशी बोलावंच लागेल, आणि बाळ अंगावर पीत असेल तर आईचं ब१२ही तपासून घ्या. आईत कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. लोहाचे थेंब स्वतःच्या मनाने सुरू करू नका. जास्त झालेलं लोह विषारी असतं. बाटली मोठ्या भावंडांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

९. किती द्यायचं आणि दिवसातून किती वेळा?

पहिल्या दिवशी दोन-तीन छोटे चमचे, तेही गेले तर. हळूहळू सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन ते तीन वेळा आणि दर वेळी अडीचशे मिलीच्या वाटीची अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा, अर्धी वाटी. वर्षानंतर तीन-चार वेळा, पाऊण ते पूर्ण वाटी. मध्ये भूक लागली तर एखाद-दोन वेळा फळासारखं काही.

हे आकडे सरासरीचे आहेत. मान फिरवली, ओठ मिटले, चमचा ढकलला, की जेवण संपलं. एक 'शेवटचा घास' भरवण्यासाठी केलेली मारामारी पुढे वर्षभर महागात पडते.

प्रमाणापेक्षा दाटपणा बघा. बाळाच्या पोटात वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात जेमतेम २०० मिली. तिथे डाळीचं नुसतं वरचं पाणी किंवा पातळ सूप भरलं तर जागा संपते आणि हाती काही लागत नाही. चमचा तिरका केला तरी अन्न ओघळू नये, इतकं दाट ठेवा. वरून चमचाभर तेल, तूप किंवा लोणी घातलं तर उष्मांक वाढतात आणि गिळायलाही सोपं जातं.

१०. आधी दूध पाजायचं की आधी भरवायचं? आणि दूध कमी करायचं का?

सुरुवातीचे काही आठवडे भुकेने कळवळलेल्या बाळासमोर चमचा नको. थोडं दूध पाजून, मन शांत असताना भरवा. आठ-नऊ महिन्यांनंतर उलटं करा, आधी जेवण आणि मग दूध. वर्षापर्यंत दूध हा मुख्य आहारच राहतो, म्हणून ठरवून कमी करू नका. अन्न वाढेल तसं ते आपोआप थोडं कमी होतं. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवता येतं.

११. दात आलेले नाहीत. मिक्सरमधून गुळगुळीत करूनच द्यायचं ना?

पहिले एक-दोन आठवडे, फार तर महिनाभर. हिरड्या टणक असतात आणि मऊ अन्न चांगलं चिरडतात. तसंही चावायच्या दाढा वर्षानंतरच येतात, तोवर कोण थांबणार?

इथे एक खिडकी आहे आणि ती बंद होते. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांच्या अभ्यासात दिसलं की दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा दाणेदार अन्न मिळालेल्या मुलांच्या खाण्याच्या तक्रारी पुढे जास्त होत्या. तेव्हा सातव्या महिन्यात काट्याने कुस्करलेलं, आठव्यात दाणे लागतील असं, नवव्यात हातात धरायचे मऊ तुकडे, आणि वर्षाला घरात सगळे जेवतात तेच, फक्त मऊ. मिक्सरची सवय बाळापेक्षा आपल्यालाच जास्त लागते.

१२. चमच्याने न भरवता बाळाला स्वतःच्या हाताने खाऊ दिलं तर चालेल?

चालेल. बोटभर लांबीचे, दोन बोटांत दाबले की चिरडतील इतके मऊ तुकडे द्या. न्यूझीलंडमध्ये झालेल्या एका चाचणीत, पालकांना नीट शिकवलेलं असताना, अशा बाळांमध्ये घास अडकण्याचं प्रमाण चमच्याने खाणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं नाही. ती लठ्ठ होत नाहीत, हा दावा मात्र त्याच चाचणीत टिकला नाही. या पद्धतीत लोह मागे राहू शकतं, कारण बाळाला उकडलेलं गाजर धरता येतं, डाळ नाही. म्हणून हात आणि चमचा दोन्ही वापरा. पंथ असल्यासारखी बाजू घ्यायची गरज नाही.

१३. घास घेताना बाळ ओकारी आल्यासारखं करतं. घशात अडकलं असं समजायचं का?

आवाज येतोय का, ते बघा. ओकारीसारखी उबळ येते तेव्हा बाळ खोकतं, डोळ्यांत पाणी येतं, चेहरा लाल होतो आणि घास पुढे येतो. ही संरक्षणाची प्रतिक्रिया आहे. शांत राहा, तोंडात बोट घालू नका. दिसत नसलेला तुकडा बोटाने आणखी आत ढकलला जातो.

खरंच अडकलं की शांतता होते. रडणं नाही, खोकला नाही, ओठ निळसर. मदतीला हाक मारा, बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताने पाच जोरकस थापा मारा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्या. घास निघेपर्यंत आलटून पालटून करत राहा, आणि कुणाला तरी लगेच रुग्णवाहिका बोलवायला सांगा. वर्षाच्या आत पोटावर दाब द्यायचा नाही. बाळ बेशुद्ध पडलं तर हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन (सीपीआर) लागतं. ते वाचून येत नाही; अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्या.

बसवूनच भरवा आणि समोरून हलू नका. अख्खे दाणे आणि सुकामेवा, लाह्या, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे किंवा सफरचंदाचे तुकडे नकोत. द्राक्ष उभं चार फोडी करून द्या. अख्खे दाणे तर चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच.

१४. अंडं, शेंगदाणे, मासे वर्षानंतरच द्यायचे ना?

पूर्वी तसंच सांगत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांसाठी अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे व मासे तीन वर्षांपर्यंत थांबवायला सांगितलं होतं. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. २०१५ मध्ये लंडनमधल्या चाचणीचा निकाल आला आणि चित्रच उलटं झालं. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं घेतली होती. ती पाच वर्षांची झाली तेव्हा, शेंगदाणे टाळलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. लहानपणापासून नियमित खाल्लेल्यांपैकी सुमारे ३ टक्के.

म्हणून सहा महिन्यांच्या आसपास, इतर दोन-चार पदार्थ पचल्यावर, हेही सुरू करा. शेंगदाण्याचं गुळगुळीत लोणी पाण्यात किंवा दुधात सैल करून. नुसता घट्ट गोळा टाळूला चिकटतो. अंडं आतपर्यंत घट्ट शिजलेलं. एका वेळी एकच नवा पदार्थ, पाव चमच्याने सुरुवात, आणि सकाळी द्या म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. पचला तर आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा. एकदा देऊन सोडून देण्यात अर्थ नाही.

अपवाद: तीव्र इसब असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आधीच कळली असेल तर शेंगदाणा घरी पहिल्यांदा देण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि तेही लवकर, चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान. अशा बाळांनाच लवकर खाण्याचा फायदा सगळ्यात जास्त असतो.

१५. तोंडाभोवती लाल झालं. अ‍ॅलर्जी आहे का?

टोमॅटो, संत्रं, स्ट्रॉबेरी यांच्या आंबट रसाने फक्त लागलेल्या जागी लाली आली आणि तासाभरात गेली तर बहुधा त्वचेची चुणचुण. पुढच्या वेळी आधी तोंडाभोवती व्हॅसलीन लावून बघा.

खरी अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते: अंगभर गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी. श्वासाला त्रास, घरघर, बाळ अचानक लुळं पडणं, असं काही झालं तर थेट तातडीच्या सेवेकडे.

आणखी एक प्रकार आहे, त्यात डॉक्टरही कधी कधी चकतात. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या, बाळ पांढरंफटक आणि मलूल, पण अंगावर पुरळ एकही नाही. तांदूळ, ओट्स, दूध, सोया यांनी हे होऊ शकतं. पोटाचा संसर्ग समजून ते सुटून जातं. एकाच पदार्थानंतर दोनदा असं झालं तर तो बंद करा आणि वेळेसकट लिहून घेऊन डॉक्टरांना दाखवा.

१६. मीठ, साखर, मध?

मीठ वर्षापर्यंत वेगळं घालू नका. अन्नात आणि दुधात असतं तेवढं पुरतं. साखर आणि गूळ दोन वर्षांपर्यंत नको. आपल्याला ते अन्न बेचव लागतं. बाळाला तुलनाच माहीत नाही. मसाल्यांना बंदी नाही, तिखट तेवढं टाळा.

मध बारा महिन्यांच्या आत अजिबात नको, चाटवायलाही नको. त्यात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या रुजतात आणि विष तयार करतात: आधी बद्धकोष्ठ, मग रडणं क्षीण होतं, मान लुळी पडते. मध शिजवून किंवा बिस्किटात घालूनही चालत नाही, कारण घरच्या आचेला बीजाणू मरत नाहीत.

१७. पाणी, फळांचा रस, गाईचं दूध कधी?

सहा महिन्यांच्या आत पाणी नको, उन्हाळ्यातही. वरचं अन्न सुरू झालं की जेवताना उघड्या पेल्यातून घोट-दोन घोट. फळांचा रस वर्षापर्यंत नकोच, फळ द्या.

गाईचं दूध अन्न शिजवताना थोडं वापरलं किंवा दही दिलं तर सहा महिन्यांनंतर हरकत नाही. मुख्य पेय म्हणून मात्र बहुतेक बालरोगतज्ज्ञ वर्षापर्यंत थांबायला सांगतात. त्यात लोह फार कमी असतं आणि काही बाळांच्या आतड्यातून त्याने सूक्ष्म रक्तस्राव होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटलंय की स्तनपान नसलेल्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना पावडरचं दूध किंवा प्राण्याचं दूध, दोन्हीपैकी काहीही देता येईल. जिथे पावडर परवडत नाही तिथे हा दिलासा मोठा आहे. पण मग प्रश्न ६ आणि ७ मधलं लोह दुप्पट काळजीने बघावं लागतं.

१८. बाळ तोंडच उघडत नाही. सगळे उपाय संपले.

उपाय थोडे कमी करून बघा. नवी चव आपलीशी व्हायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही लागतात. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळेला 'हे त्याला आवडत नाही' असा निकाल लागतो. तोंड वाकडं करणं म्हणजे नकार नव्हे, ते नवलाचंही असतं. बाळाबरोबर तुम्हीही तेच खा. मोबाईल दाखवून भरवलेला घास पोटात जातो, पण खाणं शिकवत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत आवरा.

वजन सलग घसरत असेल, प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, किंवा नऊ महिन्यांनंतरही दाट काहीच गिळता येत नसेल, तर ते नखरे नसतात. तपासून घ्या.

१९. बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे. सहा महिने कुठून मोजायचे?

प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलं की 'दुरुस्त वय' मिळतं. आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल तर दुरुस्त वय सुमारे चार. अशा बाळांसाठी सगळे तज्ज्ञ एकच आकडा सांगत नाहीत. दुरुस्त चार महिन्यांच्या आधी सहसा सुरू करत नाहीत, आणि पुढे प्रश्न २ मधल्या खुणा बघतात. बसण्याची खूण थोडी उशिरा आली तर आधार देऊन भागवतात. लोहाची शिदोरी मात्र या बाळांना अर्धवटच मिळालेली असते, कारण ती गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरते. म्हणून लोहाचे थेंब अन्नाच्या कितीतरी आधी, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत सुरू होतात. अन्न लांबलं तरी ते लांबवू नका.

२०. शीमध्ये गाजराचे तुकडे जसेच्या तसे येतात. पचत नाही का?

पचतं. सालं आणि तंतू तसेच येतात. केळ्यानंतर काळे दोरे दिसतात, बीटानंतर शी लाल होते, आणि दोन्ही वेळा लोक घाबरून फोन करतात. कडक गोळ्या होत असतील तर पाणी आणि फळं वाढवा. पांढरी शी, किंवा बीट न खाता रक्त दिसलं तर लगेच दाखवा.

२१. एकदाच करून ठेवलं तर चालेल?

शिजल्यावर लगेच गार करून फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, किंवा छोट्या वाट्यांत गोठवून महिनाभर. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. एकदाच आणि वाफ येईपर्यंत गरम करा. बाळाचा चमचा बुडालेलं उरलं तर टाकून द्या किंवा तुम्ही खा.

२२. आजारपणात बंद करायचं का?

बंद नको. दूध वारंवार, आवडीचं मऊ अन्न थोडं थोडं. बरं झाल्यावर भूक उसळी मारते, तेव्हा आठवडा-दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. नवा पदार्थ मात्र आजारात सुरू करू नका, नाहीतर पुरळ तापाचं की पदार्थाचं ते कळत नाही.

२३. आम्ही चौथ्या महिन्यातच सुरू केलं होतं. आता वाचून भीती वाटतेय. थांबवू का?

बाळ चार महिने पूर्ण झालेलं असेल, मान धरत असेल आणि गिळत असेल तर घाबरण्यासारखं काही झालेलं नाही. दिवसातून एकदा, चमचाभर, इतक्यावर ठेवा आणि दूध कमी होऊ देऊ नका. चार महिन्यांच्या आतलं असेल, किंवा अन्न बाहेर ढकलत असेल, तर सरळ थांबवा. काही आठवड्यांनी पुन्हा सुरू करता येतं. एक अपवाद लक्षात ठेवा. शेंगदाणा किंवा अंडं आधीच दिलं असेल आणि ते पचलं असेल, तर ते पूर्ण बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला, विशेषतः बाळाला इसब असेल तर. मध्येच मोठा खंड पडला की मिळालेली सवय निसटू शकते. आणि आत्तापर्यंत काय काय दिलं, कधीपासून, हे एका कागदावर लिहून पुढच्या लसीच्या वेळी बरोबर न्या.